तांबो आर्टची पार्श्वभूमी: भातातली चित्रं आणि एक उपटलेला लोगो

दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर ते फोटो फिरतातच, हिरव्यागार भातखाचरात अख्खा सामुराय उभा, खाली कुणीतरी "जपान्यांचं डोकं बघा" टाकलेलं. मी पहिल्यांदा फोटोशॉपच समजलो होतो. याला तांबो आर्ट म्हणतात, म्हणजे भातशेतातली चित्रं. आता बहुतेकांना माहीत आहे की रंगबिंग काही मारत नाहीत, जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, तांबड्या पानांच्या भाताची रोपं ठरलेल्या जागी लावतात आणि बाकी नेहमीचा हिरवा भात. म्हणून ते सोडून देतो. हे आलं कुठून आणि मध्ये राडा कशावरून झाला ते लिहितो, कारण राडा फोटोत दिसत नाही.

गाव इनाकादाते, जपानच्या मुख्य बेटाच्या पार उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतात. वस्ती सात-आठ हजार. 1981 मध्ये इथे बायपासचं काम चालू असताना जमिनीखाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भातखाचरं सापडली, साडेसहाशेच्या वर लहान लहान वाफे आणि चिखलात उमटलेले माणसांचे पाय. इतक्या थंड उत्तरेत इतक्या जुन्या काळी भात होत असेल हे तोवर बऱ्याच जणांना पटत नव्हतं. तेव्हापासून गाव स्वतःला भातसंस्कृतीचं गाव म्हणवतं, आणि ते बरोबरच आहे.

पण चित्रं काही त्या पुराणकाळातून आलेली नाहीत हे आधीच सांगतो, कारण बऱ्याच ठिकाणी "जपानची प्राचीन कला" असं ठोकून दिलेलं असतं. घोळ एका शब्दामुळे होतो. जांभळ्या आणि पिवळ्या पानांच्या भाताला तिकडे कोदाइमाइ म्हणतात, म्हणजे शब्दशः प्राचीन तांदूळ. त्यात जुनी वाणं आहेत हे खरं, पण भातानं चित्र काढायची आयडिया 1993 ची आहे, आमच्या घरातल्या मिक्सरपेक्षा फार जुनी नाही. आणि आज जे पांढरे, लाल, नारिंगी रंग दिसतात त्यातली बरीच वाणं तर सरळसरळ शोभेसाठी प्रांताच्या कृषी संशोधन केंद्रात तयार केलेली आहेत. वाण प्राचीन, चित्र नवं, आणि अर्धे रंग त्याहून नवे, असा सगळा प्रकार.

1993 च का, तर जपानमध्ये तांदूळ खाणं कमी कमी होत चाललं होतं. 1962 मध्ये माणशी वर्षाला 118 किलो खायचे, 90 च्या दशकात ते 70 च्या खाली आलं. सरकार 1971 पासून शेतकऱ्यांना भात कमी लावा म्हणून पैसे देत होतं. तरणी पोरं शहरात गेलेली. तेव्हा गावात माणसं यावीत म्हणून काहीतरी करा असं वरून सांगितलं गेलं आणि गावच्या ऑफिसातल्या एका कर्मचाऱ्यानं, शाळेच्या पोरांनी दोन रंगांची रोपं लावलेली पाहून, हे सुचवलं. पहिलं चित्र जवळच्या इवाकी डोंगराचं, साधं, तीन रंगांत, 2,500 चौरस मीटरवर, आपल्या हिशोबात 25 गुंठे. गंमत म्हणजे, गंमत कसली, त्याच 1993 च्या उन्हाळ्यात इतकी थंडी पडली की देशभर भात कोसळला. नेहमीचं पीक 100 धरलं तर त्या वर्षी देशाचं 74 आलं आणि आओमोरीचं 28. जपानला थायलंडहून तांदूळ मागवावा लागला. भाताचं कौतुक करायला सुरुवात केली ती नेमकी असल्या वर्षी.

पुढची नऊ वर्षं तोच डोंगर. दरवर्षी. कोण कशाला परत येईल.

2002 ला शेत एकदम वाढलं, सुमारे 15,000 चौरस मीटर, म्हणजे पावणेचार एकर. आणि 2003 ला मोनालिसा लावली, आणि ती फसली. गावचं ऑफिस किल्ल्यासारखं बांधलेलं आहे, त्याच्या वरच्या मजल्यावरून चित्र बघायचं असतं. म्हणजे शेताकडे तिरकं बघणं आलं, जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं आखडतं. चित्र कागदावर होतं तसंच जमिनीवर उतरवलं होतं, त्यामुळे वरून बाईचं अंग पसरलेलं आणि तोंड एवढंसं. लोक म्हणाले ही तर पोटुशी दिसतेय. त्यातून धडा घेऊन 2004 पासून उलटा हिशोब सुरू झाला, लांबचा भाग मुद्दाम ताणून काढायचा, जवळचा दाबायचा. जमिनीवर बघाल तर डोकं वेडंवाकडं लांबलचक, वरून बघाल तर एकदम बरोबर. त्यासाठी हजारो खुणांच्या काठ्या मोजून ठोकाव्या लागतात, त्यांच्यात फीत ताणायची, आणि मग लावणीच्या दिवशी बाहेरून आलेले लोक गमबूट घालून चिखलात उतरतात आणि आखून दिलेल्या पट्ट्यात दिलेल्या रंगाचा तरवा लावतात. आपण डोळा लावतोय की नाक, त्यांना कळत नाही. माझ्या मते खरी कला ती आखणीच आहे, पण तिचे फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

2004 ते 2007 एकाहून एक चित्रं झाली, वारा आणि विजेचे देव, होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराची लाट, गर्दी वाढत गेली. आणि मग 2008.

त्या वर्षी एबिसू आणि दाइकोकू हे भरभराटीचे दोन देव काढले होते. (दाइकोकू म्हणजे मूळचा आपला महाकाळ, तिकडे जाऊन चांगला गुबगुबीत आणि हसरा झालाय.) गावावर कर्ज बरंच, चित्राचा खर्च दरवर्षीचा, बघायला तेव्हा तिकीट नाही. म्हणून आयोजकांनी चित्राच्या खालच्या भागात एका विमान कंपनीचा आणि एका स्थानिक वर्तमानपत्राचा लोगो भातातच लावून घेतला. रोपं लागली, वाढायलाही लागली. तेव्हा जमीनमालकांच्या बाजूनं हरकत आली, की जमीन दिली ती गावासाठी, जाहिरातीसाठी नाही. वाद वाढला आणि शेवटी लोगोची रोपं उपटून काढली.

आता यात आयोजक चूकच असं सरसकट म्हणता येणार नाही. काठ्या, फीत, रोपवाटिका, हजार लोकांची व्यवस्था, हे फुकट होत नाही आणि पैसा आणायचा कुठून हा प्रश्न खराच होता. पण लावणीआधी मालकांना नीट विश्वासात घेतलं असतं तर उभी रोपं उपटायची वेळ आली नसती. ज्या गावाची ओळखच भातावर, त्या गावात वाढता भात उपटणं म्हणजे काय हे भात लावणाऱ्यालाच कळेल, आमच्याकडे तर तरवा वाया गेला तरी आजी दिवसभर बोलायची नाही. मला मालकांचं म्हणणं जास्त पटतं. फक्त पुढे झालं काय ते बघा. 2012 ला दुसरं शेत सुरू झालं, आणि 2015 ला तिथे स्टार वॉर्स, 2016 ला शिन गॉडझिला, दोन्ही वेळा नवा सिनेमा त्याच वर्षी थिएटरात. लोगो नाही, म्हणून वाद नाही. पुढच्या दारानं हाकललेली जाहिरात मागच्या दारानं येऊन पाटावर बसली. तिकीटही आलं.

2015-16 च्या सुमाराला वर्षाला तीन लाखांच्या वर माणसं येत होती. आणि नक्कल तर देशभर, शंभराच्या वर गावांत. सर्वात मोठ्या चित्राचा गिनीजचा विक्रम 2015 मध्ये सैतामा प्रांतातल्या ग्योदा शहरानं नेला, 27,195 चौरस मीटर. आपल्याकडे पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्यात 2016 मध्ये एका वनस्पती अभ्यासकानं जपानचं बघून भाताचा गणपती केला, नंतर काळा बिबट्याही. तिकडे हजार हात, इथे मोजकी माणसं, त्यामुळे तुलना करू नये.

कोविडनं 2020 चं चित्र खाल्लं. 2022 ला मोनालिसा परत लावली, या वेळी उलट्या हिशोबाची आखणी करून.

शेताजवळ 2013 पासून रेल्वेचं स्टेशनही आहे, नावच तांबो आर्ट. छोटी खाजगी लाइन. डिसेंबर ते मार्च मात्र तिथे एकही गाडी थांबत नाही, शेतं बर्फाखाली असतात.