डीएनएचे प्रतिकृतीकरण व प्रथिनसंश्लेषण

पेशी विभागण्यापूर्वी केंद्रकातील सगळ्या डीएनएची प्रत तयार करते, या क्रियेस प्रतिकृतीकरण म्हणतात. त्याच डीएनएमधील जनुके वाचून पेशी आपल्याला लागणारी प्रथिने घडवते, त्यास प्रथिनसंश्लेषण म्हणतात. पहिल्या क्रियेत काहीही वगळले जात नाही, तर दुसरीत त्या पेशीला त्या वेळी हवा असलेला मजकूरच उचलला जातो. माहिती डीएनएकडून आरएनए या त्याच्याशी मिळत्याजुळत्या रेणूकडे आणि तेथून प्रथिनाकडे जाते, हे सूत्र दहावीच्या विद्यार्थ्यांना ‘सेंट्रल डोग्मा’ या नावाने परिचित असते. आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर (एन्झाइम) १९७० मध्ये सापडले तेव्हा हे सूत्र मोडले, असे काहींना वाटले. परंतु प्रथिनात उतरलेली माहिती मागे फिरत नाही, एवढाच हे सूत्र मांडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांचा मूळ दावा होता आणि तो त्या शोधानंतरही टिकून राहिला.

या नोंदीत उदाहरणासाठी बीटा-ग्लोबिनचे जनुक घेतले आहे. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग घडवणाऱ्या या जनुकाशी ठाणे जिल्ह्याचा, त्यातही उल्हासनगरचा, जवळचा संबंध आहे.

डीएनएच्या दोन साखळ्यांवरील घटकांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ॲडेनीनसमोर थायमीन येते आणि ग्वानीनसमोर सायटोसीन. त्यामुळे एक साखळी हाती असली की दुसरी कशी असेल हे आपोआप ठरते. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा आधार मिळालेली ही रचना वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली. प्रत्येक नव्या रेणूत एक साखळी जुनी व एक नवी असते, हे मेसेल्सन व स्टाल यांनी १९५८ मध्ये प्रयोगाने दाखवले. माणसाच्या पेशीत नवी साखळी जोडणारे विकर, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, सेकंदाला सुमारे ५० घटक बसवते. आपल्या सर्वांत लांब गुणसूत्रात सुमारे २५ कोटी जोड्या असल्याने, एका टोकापासून सुरुवात केली तर तेवढ्या एका गुणसूत्राच्या प्रतीलाच जवळजवळ दोन महिने लागतील. प्रत्यक्षात हजारो ठिकाणी एकाच वेळी साखळ्या उलगडून काम सुरू होते आणि सुमारे आठ तासांत ते उरकते. हे विकर एकाच दिशेने चालत असल्यामुळे एक साखळी सलग तयार होते, तर दुसरी तुकड्यातुकड्यांनी तयार होऊन मागाहून सांधली जाते. या तुकड्यांना ते शोधणाऱ्या जपानी दांपत्यावरून ओकाझाकी तुकडे म्हणतात.

नकलताना चुका होतात. चुकीचा घटक लागला की विकर मागे सरकून तो काढते, त्यातूनही निसटलेल्या चुका दुरुस्ती करणारी वेगळी प्रथिने हेरतात आणि शेवटी साधारण शंभर कोटी घटकांमागे एखादीच चूक उरते. तुटलेला डीएनए सांधणाऱ्या प्रथिनांपैकी बीआरसीए-१ हे एक असून त्याच्या जनुकात वारशाने दोष आला तर स्तनांच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. कर्करोगाचा अभ्यास बऱ्याच अंशी या दुरुस्तीचा आणि तिच्या अपयशाचा अभ्यास असतो. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था कर्करोगावर उपचार आणि संशोधन करते.

प्रथिनसंश्लेषणाची पहिली पायरी म्हणजे प्रतिलेखन. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिनच्या जनुकात सुमारे १,६०० घटक आहेत. त्यांवरून आरएनए पॉलिमरेज आरएनएची प्रत काढते आणि तीत थायमीनच्या जागी युरासील येते. या कच्च्या प्रतीत कामाचे तीन भाग (एक्झॉन) आणि त्यांच्या मधले दोन बिनकामाचे भाग (इंट्रॉन) असतात. इंट्रॉन कापून एक्झॉन जोडले की संदेशवाहक आरएनए तयार होतो. जनुके अशी तुटक असतात हे १९७७ मध्ये कळले, तोवर ती सलगच असतील असे गृहीत धरले जात होते. कात्री कोठे लावायची याची खूण इंट्रॉनच्या आरंभी असते. पहिल्या इंट्रॉनमधील पाचव्या जागी ग्वानीनऐवजी सायटोसीन आले की ती खूण पुसट होते, कापणी भलतीकडे होते आणि नीट जुळलेला संदेश फारच थोडा तयार होतो. प्रथिनाचा मजकूर जेथे लिहिलेलाच नाही तेथील ही एका अक्षराची चूक भारतातील बीटा-थॅलेसेमियाचे (बीटा-ग्लोबिन कमी पडून हिमोग्लोबिन अपुरे बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे) सर्वाधिक आढळणारे कारण आहे.

सिंधी समाजात याच जनुकाचा आणखी एक बदल विशेष आढळतो. त्यात जनुकाच्या शेवटाकडील ६१९ घटक मुळातच गळालेले असतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती १९४९ मध्ये उल्हासनगर झाली (तेथील पत्त्यांत ‘कॅम्प’ हा शब्द अजून आहे) आणि त्यांच्याबरोबर हा बदलही ठाणे जिल्ह्यात आला. जनुकाची एकच प्रत सदोष असलेली व्यक्ती, म्हणजे वाहक, सहसा ठणठणीत असते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार, होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नापूर्वी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीला रक्तातील एचबीए-२ (वाहकांत वाढलेला आढळणारा हिमोग्लोबिनचा एक प्रकार) चे प्रमाण तपासण्याचा सल्ला दिला जातो.

केंद्रकाबाहेर आलेला संदेश रायबोसोम, म्हणजे प्रथिने जुळवणारी पेशीतील यंत्रणा, वाचतो. या पायरीला भाषांतरण म्हणतात. तीन-तीन घटकांच्या गटाला कोडॉन म्हणतात. एकूण ६४ कोडॉनपैकी ६१ हे वीस अमिनो आम्लांसाठी (प्रथिनाच्या साखळीतील दुव्यांसाठी) असतात आणि उरलेले तीन थांबण्याची खूण म्हणून येतात. या संकेतांची उकल करणाऱ्या निरेनबर्ग, हरगोविंद खुराना व हॉली यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तर रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ मध्ये ते मिळालेल्या तिघांत चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. बीटा-ग्लोबिनची १४६ अमिनो आम्लांची साखळी तयार व्हायला साधारण अर्धा मिनिट लागते. येथे सहाव्या अमिनो आम्लाच्या कोडॉनमधील एकच अक्षर बदलले की राज्यातील अनेक आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल आजार होतो. दोन बीटा व दोन अल्फा साखळ्या हीम या लोहयुक्त घटकासह एकत्र आल्या की हिमोग्लोबिन पूर्ण होते. तांबडी पेशी परिपक्व होताना केंद्रक बाहेर टाकते, तरी शिल्लक संदेशांवरून एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनत राहते. त्यानंतरचे सुमारे १२० दिवस ती असलेल्या साठ्यावरच काढते.

कोणते जनुक केव्हा वाचायचे हे ठरवणारी प्रथिनेही असतात. गर्भात बीटाऐवजी गॅमा-ग्लोबिन बनते आणि जन्मानंतर त्याचे वाचन मंदावते. त्यामुळे थॅलेसेमिया मेजरचे बाळ पहिले काही महिने निरोगी दिसते आणि साधारण सहा महिन्यांनंतर फिकट पडू लागते. गॅमाचे वाचन थोपवणाऱ्या बीसीएल-११-ए या प्रथिनाचे जनुक रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींमध्ये निष्प्रभ करण्याच्या उपचाराला २०२३ मध्ये प्रथम ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली. त्यात बीटा-ग्लोबिनचे सदोष जनुक जसेच्या तसे राहते आणि रुग्णाची तांबडी पेशी पुन्हा गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बनवू लागते.