जाळी आणि हेपा: एसीत कोण काय अडवतं

एसी घ्यायला दुकानात गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "फिल्टर आतच आहे, वेगळा घ्यायला नको." विक्रेता खोटं बोलत नाही. पण त्याच्या मनात असते ती प्लास्टिकची जाळी, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर आपल्या मनात असतो तो हेपा, म्हणजे अगदी बारीक कण पकडणारा दाट फिल्टर. दोघांनाही 'फिल्टर' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. माझा झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या आईला दमा आहे. आमचं घर गोव्यात डिचोलीला, खाणीच्या रस्त्याला लागून. खनिजाचे ट्रक धावायचे त्या दिवसांत अंगणातल्या तुळशीची पानंसुद्धा तांबडी व्हायची. आईच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी लावला तेव्हा तिला धुळीचा त्रास होऊ नये म्हणून मी 'हेपा कापड' मागवलं, जाळीच्या मापाने कापलं आणि जाळीवर नीट ताणून बसवलं. आठ दिवस बरे गेले. मग एका रात्री इनडोअर युनिटमधून पाणी टपकायला लागलं आणि आईचं अंथरूण भिजलं. फोनवर एका मेकॅनिकने सांगितलं, गॅस कमी झालाय, भरावा लागेल. दुसरा घरी आला, त्याने झाकण उघडून दाखवलं, कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या आतल्या नळ्या-पत्र्यांवर, पांढराशुभ्र बर्फ धरला होता. गॅस पुरेसा होता. कॉइलपर्यंत हवाच पोचत नव्हती. कापड काढलं, बर्फ वितळू दिला, एसी पहिल्यासारखा चालू झाला.

जाळी कशासाठी असते ते ती हातात घेतल्यावर कळतं. पुढचं झाकण वर उचला, खालची कड किंचित वाकवून जाळी ओढून घ्या आणि उजेडाकडे धरा. भोकं साध्या डोळ्यांना दिसतात. त्यातून फुंकर मारली तर काही अडल्यासारखं वाटत नाही. केस, कापसाचे तंतू, चिऱ्यांच्या भिंतीतून झडणारी भुकटी, रस्त्यावरची जाड तांबडी धूळ एवढं ती अडवते. महिनाभर न धुतलेल्या जाळीवर राखाडी लोकरीसारखा थर बसतो. आमच्याकडे त्या थराच्या कडा तांबूस असतात. हा थर कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये जाऊन बसू नये, म्हणून जाळी. ती यंत्राला जपते, माणसाच्या फुप्फुसांचा विचार करून ती बनवलेलीच नाही.

हेपाचं काम अगदी वेगळं. ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण पकडेल तोच हेपा, ही त्याची जुनी अमेरिकी व्याख्या. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आपण हेपाला बारीक चाळण समजतो, पण तो चाळणीसारखा चालत नाही. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूंचा तो एक गुंता असतो. जड कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूंवर आपटतात. मधल्या आकाराचे तंतूंच्या कडेला घासून चिकटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि भरकटता भरकटता कुठेतरी अडकतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण या तिन्ही सापळ्यांतून निसटायला सर्वांत सोपा, म्हणून परीक्षा त्याचीच घेतात. त्याहून लहान कण उलट जास्त पकडले जातात.

अशा दाट गुंत्यातून हवा ढकलायला जोर लागतो. स्प्लिट एसीचा ब्लोअर हा लांबलचक नळीसारखा पंखा असतो. तो भरपूर हवा हलवतो, पण अडथळा आला की मान टाकतो. म्हणून हेपाला स्वतःचा दमदार पंखा द्यावा लागतो, आणि तसं यंत्र म्हणजे एअर प्युरिफायर. मी जे केलं ते म्हणजे एसीच्या नाकावर जाड कांबळं बांधण्यासारखं होतं.

आता मधली एक वस्तू, जिच्यामुळे गोंधळ वाढतो. बऱ्याच मॉडेलांत जाळीवर चिकटवायची एक छोटी पट्टी मिळते आणि खोक्यावर 'पीएम २.५ फिल्टर' असं लिहिलेलं असतं. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. पट्टी ते काही प्रमाणात पकडतेही, पण ती जाळीचा थोडाच भाग झाकते. बाकीची हवा तिच्या शेजारून सुटून जाते. शिवाय अशा अनेक पट्ट्या तंतूंवरच्या विद्युतभारावर चालतात, एन ९५ मास्कसारख्या. साबणाच्या पाण्यात धुतली की तो भार जातो, आणि वरून स्वच्छ दिसणारी पट्टी निकामी होते. जाळी धुवायची, पट्टी बदलायची. पुस्तिकेत 'धुता येते' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच पट्टीला पाणी लावा. काळी, कोळशाची पट्टी वासासाठी असते. तळणीचा वास ती कमी करेल, धुळीचं तिला काही करता येत नाही.

गोव्यात मात्र खरं दुखणं अनेकदा धूळ नसतं, ओल असते. पणजीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि श्रावणात कपाट उघडलं की चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी दिसते. एसी लावल्यावर पहिल्या झोतात कुबट वास आला की लोक फिल्टर बदलायला धावतात. इथे हवेचा रस्ता समजून घ्यायला हवा. खोलीतली हवा वरून आत शिरते, आधी जाळीतून जाते, मग ओल्या गार कॉइलवरून, मग ब्लोअरमधून, आणि खालून बाहेर पडते. बुरशी धरते ती कॉइलवर, पाण्याच्या ट्रेमध्ये आणि ब्लोअरच्या पात्यांवर, म्हणजे फिल्टरच्या पुढे. तिथून सुटलेला कण थेट खोलीत येतो, वाटेत त्याला अडवायला काहीच नसतं. जगातला सर्वांत महाग फिल्टर जाळीच्या जागी बसवला तरी हा वास जाणार नाही. टॉर्च घेऊन खालच्या फटीतून ब्लोअर बघा. पात्यांवर काळे ठिपके दिसले तर कॉइल आणि ब्लोअर उघडून धुणारी सर्व्हिसिंग करून घ्या, नुसतं जाळीवर पाणी मारून जाणारी नको. आणि रोज एसी बंद करण्याआधी पंधरा मिनिटं फक्त पंखा चालवा, कॉइल सुकते.

ओलावा काढण्याचं कामही फिल्टरचं नाही, कॉइलचं आहे. गार कॉइलवर हवेतलं बाष्प पाणी होऊन उतरतं. दमट दिवशी ड्रेन पाइपखाली बादली ठेवली तर डोळ्यांनीच दिसतं. खोलीची आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला रुजणं जड जातं. पण कॉइलला हवा मिळाली तरच हे होतं, आणि ती मिळण्यासाठी जाळी मोकळी हवी. म्हणून आपल्याकडे जाळी वेळेवर धुणं हा ओलाव्यावरचाही उपाय आहे. दर दोन आठवड्यांनी, खाणीच्या रस्त्यावर किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला. नळाची धार मळ नसलेल्या बाजूने सोडा, मळ उलट्या दिशेने सुटतो. दुसऱ्या बाजूने सोडली तर तोच मळ भोकांत रुततो. कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि सावलीत पूर्ण सुकवणं. उन्हात चौकट वाकते आणि मग कडेच्या फटीतून धूळ आत जाते. तुंबलेली जाळी विजेचं बिलही वाढवते.

इंटरनेटवर शोधलं की 'मर्व्ह ८ घ्या, मर्व्ह १३ घ्या' असे सल्ले येतात. मर्व्ह म्हणजे फिल्टर कण किती चांगले पकडतो ते सांगणारा अमेरिकी आकडा. ते अमेरिकेतल्या डक्टच्या एसीसाठी आहेत, जिथे सगळ्या घराची हवा एका पेटीतून जाते आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर बदलतात. आपल्या भिंतीवरच्या स्प्लिटला तो आकडा लागू नाही. मिरामार-कोलव्याच्या किनाऱ्यावरच्या घरांना आणखी एक सांगतो: खाऱ्या वाऱ्याने आउटडोअर युनिट गंजतं, त्याच्याशी आतल्या कोणत्याच फिल्टरचा संबंध नाही.

मग घ्यायचं काय? घरात श्वासाचा त्रास कोणाला नसेल तर एसीबरोबर आलेली जाळी पुरे, जादा पट्टीवर पैसे घालू नका. दमा असेल, लहान मूल सारखं शिंकत असेल, तर एसीला हात न लावता त्या माणसाच्या झोपायच्या खोलीत हेपाचा प्युरिफायर ठेवा. तो घेताना 'हेपासारखा', 'हेपा टाइप' अशा शब्दांवर जाऊ नका. एच १३ (खऱ्या हेपाची एक श्रेणी) असं स्पष्ट लिहिलंय का बघा, आणि सीएडीआर, म्हणजे तो तासाला किती शुद्ध हवा देतो, तो आकडा बघा. दहा बाय बाराच्या खोलीला तासाला साधारण १३५ घन मीटर तरी लागतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो, म्हणून दोन्ही यंत्रं एकाच खोलीत निवांत चालतात.

आईच्या खोलीत आता हीच व्यवस्था आहे. जाळी दर रविवारी मी धुतो. प्युरिफायर पलंगाच्या डोक्याशी, भिंतीपासून हातभर पुढे. चवथीच्या दिवसांत देवाच्या खोलीत धूप-अगरबत्ती सतत असते आणि बाहेर फटाके. तो धूर जाळीतून सरळ आरपार जातो. म्हणून आरतीच्या अर्धा तास आधीच तिच्या खोलीचं दार लावून प्युरिफायर मोठ्यावर करून ठेवतो. आई मखरासमोर आरती म्हणते, आणि धाप लागायला लागली की उठून त्या खोलीत जाऊन बसते.