मेथोट्रेक्सेट: गोळी तीच, मात्रा वेगळी

‘आमवाताला (रुमॅटॉइड आर्थरायटिसला) मेथोट्रेक्सेट दिलं, म्हणजे केमोथेरपीच सुरू केली’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. औषध तेच, हे खरं. पण आमवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. काही कॅन्सरमध्ये मात्र एका वेळी काही ग्रॅम शिरेतून देतात. आपल्या चिठ्ठीवरचा आकडा आणि ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द वाचून बघा. खरा घोटाळा इथेच होतो: चुकून रोज घेतली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. दुष्परिणाम कमी करायला सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची (एक जीवनसत्त्व) गोळी बहुधा वेगळ्या दिवशी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत, क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या) तपासण्या चुकवू नयेत. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात; तिसऱ्या आठवड्यातच ‘उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडणारे बरेच.