रानटी टोमॅटोची बी उगवत का नाही? : पार्श्वभूमी

लागवडीच्या टोमॅटोची बी ओल्या मातीत पडली की आठवडाभरात कोंब वर येतो. त्याच्याच काही रानटी भाऊबंदांच्या बिया मात्र महिनोन्महिने ढिम्म राहतात. यात बियांचा दोष नाही, फरक माणसाने पाडला. पिढ्यानपिढ्या जी बी झटपट उगवली तिचेच बियाणे पुढच्या पेरणीला गेले. रानात सगळ्या बिया पहिल्याच सरीला उगवल्या आणि नंतर पावसाने दडी मारली, तर अख्खी पिढी करपते. म्हणून थांबणाऱ्या बिया टिकल्या.

किती थांबतात, याचा अंदाज 1902 साली अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ ड्यूव्हेल यांनी सुरू केलेल्या प्रयोगातून आला. 107 जातींच्या बिया त्यांनी जमिनीत पुरून ठेवल्या. 39 वर्षांनी त्या उकरल्या, तेव्हा टोमॅटोच्याच कुळातल्या धोतऱ्याच्या सुमारे 90 टक्के बिया उगवल्या. त्याच कुळातली कामोणीही फार मागे नव्हती.

पण बी जिवंत असणे वेगळे आणि तिला जागे करता येणे वेगळे. हा पेच सगळ्यात ठसठशीतपणे पुढे आला तो गालापागोस बेटांवरच्या टोमॅटोमुळे. डार्विन यांनी 1835 मध्ये तिथून या झाडांचे नमुने आणले होते. शतकाहून अधिक काळाने कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील टोमॅटोचे अभ्यासक चार्ल्स रिक यांनी या टोमॅटोच्या बिया पेरल्या, तर जवळपास काहीच उगवले नाही. बेटांवर झाडे तर वाढत होती! रिक यांना संशय आला तिथल्या महाकाय कासवांचा. त्यांनी आणि रॉबर्ट बाउमन यांनी कासवांना ही फळे खाऊ घातली, विष्ठेतून बिया वेचल्या आणि पेरल्या. बहुसंख्य उगवल्या. हा निष्कर्ष 1961 साली छापून आला. कासवाच्या पोटातून बी बाहेर पडायला आठवड्याहून जास्त काळ लागतो. तेवढ्यात कासव बरेच अंतर कापते, म्हणजे बी रुजण्याच्या तयारीत येते आणि नव्या जागी पोचतेही.

प्रयोगशाळेत कासव पाळणे शक्य नाही, म्हणून आता कपडे शुभ्र करायच्या ब्लीचवर काम भागते. ब्लीचमध्ये तेवढेच पाणी घालून बिया अर्धा तास ते तासभर बुडवायच्या, मग भरपूर पाण्याने धुवायच्या. बीवरची लव विरघळून जाते, आवरण पातळ होते. एवढी खटपट वाया गेली नाही: देठाला सांधा नसण्याचा गुण याच बेटांवरच्या टोमॅटोत सापडला आणि यंत्राने तोडायच्या वाणांत तो घातला गेला. त्या वाणांचे फळ देठाविनाच सुटून येते.

टोमॅटोच्या कुळातल्या बाकीच्या जातींच्या (बटाटा, तंबाखू, मिरची) किल्ल्या निराळ्या निघाल्या. रानटी बटाट्याच्या बियांना जिबरेलिन हे संप्रेरक लागू पडते, हे 1961 मध्येच नोंदले गेले. ते नेमके काय करते, हे नेदरलँड्समधल्या ग्रूट आणि कार्सेन यांनी 1987 साली टोमॅटोवर दाखवले. जिबरेलिन न बनवणाऱ्या रोपाची बी उगवत नाही, पण मूलांकुराच्या (बीतल्या पहिल्या मुळाच्या) टोकासमोरचे भ्रूणपोषाचे (बीतल्या अन्नसाठ्याचे) आवरण कापून टाकले की तीच बी संप्रेरकाशिवाय उगवते. अडसर तिथे होता. जिबरेलिन तो सैल करते.

अमेरिकेच्या पश्चिम भागातला एक रानटी तंबाखू वणव्यानंतर एकदम फोफावतो. इयान बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवले की त्याला जाग येते ती धुरातल्या रसायनांनी.

मिरचीची गोष्ट फळापासूनच सुरू होते. ट्युक्सबरी आणि नाभान यांनी 2001 मध्ये ॲरिझोनातल्या रानमिरचीवर पाहिले, की उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांच्या पोटातून गेलेली बी उगवत नाही, पक्ष्यांच्या पोटातून गेलेली उगवते. पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही, उंदरांना जाणवतो. नको तो पाहुणा परतवायची याहून नेटकी सोय मला तरी माहीत नाही.

बी धरण्याच्या आधीही या कुळात चाळण्या आहेत. अनेक रानटी जातींना स्वतःचा पराग चालत नाही. ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ यांनी 1925 मध्ये तंबाखूच्या नातलगांत याचे आनुवंशिक गणित मांडले. 1989 मध्ये उलगडले, की स्वतःचा पराग अडवणारे स्त्रीकेसरातले प्रथिन आरएनए तोडणारे विकर आहे. त्यामुळे अशा जातीचे एकच झाड लावले तर फुले येतात, फळे येत नाहीत, आणि बियाणे हवे असेल तर अनेक झाडांमध्ये हाताने परागीकरण करावे लागते.

आज जनुक पेढ्यांपुढचा, म्हणजे निरनिराळे बियाणे साठवून जपणाऱ्या संस्थांपुढचा, प्रश्न उलटा आहे. जुने बियाणे ताजे करण्यासाठी ते पेरावे लागते, आणि उगवतात ती अर्थातच लवकर जागी होणारी रोपे. त्यांच्याच बिया पुन्हा पेढीत जातात. म्हणजे रानटी म्हणून जपलेल्या संग्रहातही सुप्तावस्था, म्हणजे न उगवता थांबण्याचा गुण, हळूहळू गळत जाऊ शकते. ब्लीच आणि जिबरेलिन वापरण्यामागे वेळ वाचवणे हे एकच कारण नाही. उशिरा उगवणारी बीही पुढच्या पिढीत यावी, यासाठीही ते लागतात.