टिंबक्टू : मध्ययुगीन व्यापार आणि विद्यापरंपरा

टिंबक्टू : पश्चिम आफ्रिकेतील माली व पुढे सोंघाई साम्राज्यातील व्यापारी पेठ आणि इस्लामी विद्येचे केंद्र. सध्याच्या माली देशात, नायजर नदीच्या मोठ्या वळणाच्या उत्तरेस, सहारा वाळवंटाच्या कडेवर वसलेले. नदीकाठचे काबारा हे त्याचे बंदर. जेन्ने शहराकडून नावांनी येणारे धान्य व सोने येथे उतरे आणि उत्तरेकडून उंटांचे तांडे मीठ, कापड, तांबे व पुस्तके घेऊन येत.

स्थापनेविषयी मुख्य आधार अल्-सादी याच्या तारीख अल्-सूदान या सतराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या इतिवृत्ताचा आहे. त्याच्या मते हिजरी पाचव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे इ. स. सु. ११०० मध्ये, सहारातील तुआरेग या भटक्या पशुपालकांच्या हंगामी तळातून हे गाव उभे राहिले. घटना आणि लेखन यांत साडेपाच शतकांचे अंतर असल्याने हा काळ अंदाजानेच घ्यावा लागतो.

व्यापाराचा कणा मीठ आणि सोने हा होता. सोने बांबुक व बुरे या दक्षिणेकडील प्रदेशांतून आणि नंतर अकान लोकांच्या जंगलपट्ट्यातून येई. मीठ सहारातील तघाझाच्या खाणींतून लाद्यांच्या रूपात काढले जाई. चौदाव्या शतकातील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने तेथील घरे व मशीद मिठाच्या लाद्यांचीच असून त्यांवर उंटाच्या कातड्याचे छप्पर घातल्याचे नोंदविले आहे. खाणीत राबणारे सर्व गुलाम होते, हेही तो सांगतो. उंटभर मिठाला वाळवंटाच्या दक्षिण कडेवरील वालाता या व्यापारी गावी ८ ते १० मिस्काल (सोने तोलण्याचे एक वजन) सोने मिळे, तर मालीच्या राजधानीत २० ते ३०, क्वचित ४०. वाहतुकीचा खर्च आणि जोखीम या फरकातूनच भागविली जाई. किरकोळ व्यवहारात कवड्या चालत. त्या मुख्यतः मालदीव बेटांवरून हिंदी महासागर व ईजिप्तमार्गे येत. गुलामांचा व्यापारही या मार्गांवर अखंड चालू होता आणि टिंबक्टूची समृद्धी त्यापासून वेगळी काढता येत नाही.

मालीचा सम्राट मन्सा मूसा (कार. सु. १३१२–३७) याच्या १३२४ मधील हजयात्रेने या प्रदेशाची कीर्ती दूरवर पोहोचली. त्याने कैरोत एवढे सोने वाटले, की १२ वर्षांनंतरही तेथे सोन्याचा भाव सावरला नव्हता, असे त्याच शतकातील अरब लेखक अल्-उमरी लिहितो. परतताना ग्रानाडाचा कवी अबू इसहाक अल्-साहिली त्याच्याबरोबर आला. टिंबक्टूची जिंगेरेबेर मशीद अल्-साहिलीने बांधली आणि पश्चिम आफ्रिकेतील मातीच्या वास्तुशैलीचा तोच जनक, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. इतिहासकार इब्न खल्दून मात्र अल्-साहिलीच्या नावावर राजासाठी बांधलेल्या घुमटाकार सभागृहाचाच उल्लेख करतो. अल्-सादी मशिदीचे श्रेय मूसाला देतो. मातीच्या विटांचे बांधकाम नायजरच्या खोऱ्यात कित्येक शतके आधीपासून होते, हे जेन्नेजवळील जेन्ने-जेनो या प्राचीन वसाहतीच्या उत्खननावरून दिसते. तेव्हा शैलीचा उगम स्थानिक गवंड्यांकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. अल्-साहिली १३४६ मध्ये टिंबक्टूतच वारला. १३५३ मध्ये इब्न बतूताने तेथे त्याची कबर पाहिली.

संकोरे मशिदीभोवतीच्या विद्याकेंद्राला ‘विद्यापीठ’ म्हणण्याचा प्रघात आहे. तेथे २५,००० विद्यार्थी शिकत, हा वारंवार दिला जाणारा आकडा मात्र समकालीन साधनांत आढळत नाही. केंद्रीय व्यवस्था, ठरलेला प्रवेश किंवा संस्थेची पदवी असे काही नव्हते. विद्यार्थी एका गुरूकडे, बहुधा त्याच्या घरी किंवा मशिदीच्या आवारात, एक ग्रंथ ओळीने वाचून पुरा करी. मग तो ग्रंथ शिकविण्याची परवानगी, म्हणजे इजाजा, गुरू आपल्या नावाने देई. तीत गुरूच्या गुरूंची साखळी मूळ ग्रंथकारापर्यंत नेलेली असे. अध्ययनात मालिकी या सुन्नी पंथशाखेच्या धर्मशास्त्राला पहिले स्थान होते. सहनूनचा मुदव्वना, खलीलचा मुख्तसर व काझी इयाद याचा शिफा हे ग्रंथ, तसेच व्याकरण, तर्क व हदीस (पैगंबरांची वचने व आचार) हे विषय प्रमुख होते.

प्राथमिक शिक्षणाची एक दुर्मीळ झलक तारीख अल्-फत्ताश या इतिवृत्तात मिळते. अली तकारिया नावाच्या शिक्षकाच्या शाळेत रीतीप्रमाणे बुधवारी मुले ५ ते १० कवड्या आणून देत होती. एकूण १,७२५ कवड्या जमल्या. अंगणात १२३ लाकडी पाट्या होत्या आणि सबंध कुराण त्यांवर मिळून लिहिलेले असावे, असे लेखकाला वाटले. अशा सुमारे १५० शाळा शहरात होत्या, असेही हा ग्रंथ म्हणतो. शिंप्यांच्या २६ कार्यशाळांचा उल्लेखही त्यातच आहे. प्रत्येकीत ५० ते १०० शिकाऊ असत.

ही विद्या उत्तरेकडून आली की दक्षिणेकडून, यावर मतभेद आहेत. जुने युरोपीय अभ्यासक मगरिबकडे, म्हणजे वायव्य आफ्रिकेकडे, बोट दाखवत. परंतु अल्-सादीनेच दिलेली एक हकिकत या मताला अडचणीची आहे. मूसाबरोबर हिजाझहून (मक्का-मदीनेचा प्रदेश) आलेला अब्द अल्-रहमान अल्-तमीमी याला टिंबक्टूतील कृष्णवर्णीय धर्मशास्त्री आपल्याहून सरस आढळले. तेव्हा तो मोरोक्कोतील फेझला जाऊन शिकला आणि मगच येथे स्थायिक झाला. सोळाव्या शतकातील थोर गुरू मुहंमद बघायोघो (१५२३–९३) हाही जेन्नेचा, वांगारा या दक्षिणेकडील मुस्लिम व्यापारी-पंडितांच्या परंपरेतला. आपले दुर्मीळ ग्रंथ तो मागेल त्याला देई आणि परत मागत नसे, असे त्याचा शिष्य अहमद बाबा याने लिहून ठेवले आहे. सनहाजा या उत्तरेकडील बर्बर वंशाच्या अकीत घराण्याकडे काझीपद दीर्घकाळ राहिले, हे खरे. परंतु पाया दक्षिणेच्या पंडितांनी घातला, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते.

सोंघाईच्या सुन्नी अलीने १४६८ मध्ये (काहींच्या मते १४६९) शहर घेतले. त्याआधी तुआरेग सरदार अकील संकोरेच्या पंडितांना घेऊन १,००० उंटांसह वालात्याला निघाला. लहानपणापासून घराबाहेर खेळू न दिलेले दाढीवाले पंडित उंटावर चढताना थरथरत होते, असे वर्णन अल्-सादीने केले आहे. सुन्नी अलीचे क्रूर चित्र याच पंडितवर्गाने रेखाटलेले असल्याने ते जपून वाचावे. अस्किया मुहंमद (कार. १४९३–१५२८) याने पंडितांना पुन्हा राजाश्रय दिला.

तारीख अल्-फत्ताशचा कर्ता हा या क्षेत्रातील मोठा वाद होय. ऊदास व देलाफोस यांनी १९१३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो महमूद कातीचा आणि त्याच्या नातवाने पूर्ण केलेला मानला गेला. कातीचा जन्म १४६८ व मृत्यू १५९३ धरल्यास त्याचे वय १२५ वर्षे होते. अडचण तेथूनच सुरू झाली. जन्मसाल अभ्यासकांनी ‘सी’ असे नाव दिलेल्या एकाच हस्तलिखित प्रतीत आहे. बारावा खलिफा येईल हे भाकीतही त्याच प्रतीत असून ते एकोणिसाव्या शतकातील मासिना या नायजरकाठच्या राज्याचा शासक अहमद लोब्बो याला लागू पडते. इतिहासकार नेहेमिया लेव्हत्सियन यांनी १९७१ मध्ये हा भाग बनावट ठरविला. पुढे मौरो नोबिली व शाहिद मॅथी यांनी २०१५ मध्ये असे मांडले, की येथे मुळात दोन ग्रंथ आहेत : कातीचा नातू इब्न अल्-मुख्तार याचे सतराव्या शतकातील इतिवृत्त आणि त्याचा उपयोग करून लोब्बोचा दरबारी पंडित नूह बिन अल्-ताहिर याने रचलेला नवा ग्रंथ. हे मत पूर्वीच्या कोणत्याही मतापेक्षा प्रतींमधील फरकांचा अधिक नीट उलगडा करते.

मोरोक्कोच्या सैन्याने १५९१ मध्ये तोंदिबी येथे बंदुकांच्या बळावर सोंघाईचा पराभव केला. अहमद बाबा (१५५६–१६२७) व त्याचे आप्त मराकेशला बंदी म्हणून नेले गेले. आपले १,६०० ग्रंथ लुटले गेले आणि घराण्यात आपलाच संग्रह सर्वांत लहान होता, असे त्याने सांगितल्याची नोंद आहे. सु. १६०८ मध्ये तो परतला. गुलामगिरीचे कारण वर्ण नसून अश्रद्धा होय आणि सोंघाई, बोर्नू वगैरे मुस्लिम प्रदेशांतील लोकांना गुलाम करणे अवैध होय, असा निर्णय त्याने १६१५ च्या सुमारास दिला. गुलामगिरीची प्रथा मात्र त्याने नाकारली नाही.

टिंबक्टूची हस्तलिखिते आपल्याकडील पोथ्यांप्रमाणे सुट्या पानांची, चामड्याच्या वेष्टनात ठेवलेली असतात. अरबीखेरीज सोंघाई व फुला भाषांतील मजकूरही अरबी लिपीत आढळतो. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर ताब्यात घेतल्यावर बहुतेक संग्रह राजधानी बामाकोला हलविले गेले. टिंबक्टूतील अहमद बाबा संस्था या हस्तलिखित-संग्रहालयातील काही हजार हस्तलिखिते मात्र २०१३ मध्ये जाळली गेली किंवा हरवली. आज उपलब्ध असलेल्या प्रतींपैकी बहुसंख्य सतराव्या शतकानंतरच्या असल्याने संकोरेच्या भरभराटीच्या काळासाठी अहमद बाबाचा चरित्रकोश आणि वरील दोन इतिवृत्ते हेच प्रमुख आधार आहेत.