सोलापूर जिल्ह्यातील पूर : पूर्वतयारी, खबर आणि मदत

नदी, ओढा किंवा नाला पात्राबाहेर पडल्यावर रहिवाशांनी माणसे, जनावरे व घर कसे वाचवावे, धोक्याची खबर कुणाला आणि कशी द्यावी, व पाणी ओसरल्यावर शासनाची मदत कशी मिळवावी, यांची ही नोंद आहे. सोलापूर हा पर्जन्यछायेतला, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा जिल्हा. टँकर आणि चारा छावण्यांची सवय असलेल्या इथल्या गावांना पुराची सवय नसते, आणि खरा धोका त्यातच आहे. पाण्याच्या ओढीने विहिरी, मोटारी, ऊस आणि वस्त्या नदीला खेटून आल्या आहेत. दहा वर्षांत एकदा येणारे पाणी त्यांनाच पहिले गाठते.

पाणी येते कुठून

जिल्ह्यातले मोठे पूर बहुधा जिल्ह्याबाहेरच्या पावसाचे असतात. भीमेचे पाणी पुणे जिल्ह्यातील धरणांमधून उजनीत येते. त्याखाली नीरा नरसिंहपूरला नीरा नदी भीमेला मिळते आणि वीर धरणाचा विसर्ग सोबत आणते. म्हणून पंढरपूरकरांनी उजनीचा आकडा एकटा पाहून चालत नाही. उजनी आणि वीर यांची बेरीज पाहावी लागते. आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते त्यात दिला जातो. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होते. या हिशेबाने लाख क्युसेकचा विसर्ग दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी खाली ढकलतो.

सीनेची गोष्ट वेगळी आणि जास्त घातक आहे. ती अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते, धाराशिवच्या सीमेवरून खाली येते आणि हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. तिच्यावर उजनीसारखे पूर पोटात घेणारे मोठे धरण नाही. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी हे प्रकल्प लहान आहेत. ते एकदा भरले की येईल तेवढे पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये नेमके हेच घडले. करमाळा, माढा, मोहोळ आणि उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील सीनाकाठची गावे पाण्याखाली गेली, लांबोटीच्या पुलाजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला, माढ्यातील दारफळसारख्या गावांतून लोकांना बाहेर काढावे लागले. परांडा, जामखेड, कर्जत भागात अतिवृष्टी झाली की सीनाकाठच्या माणसाने आपल्या गावात ऊन पडले असले तरी आवराआवर सुरू करावी. अक्कलकोट तालुक्यात बोरी व हरणा नद्यांवर आणि कुरनूर धरणाच्या विसर्गावर असेच लक्ष ठेवावे लागते.

शहरातला पूर मात्र स्थानिक पावसाचाच. उत्तरेकडचा एकरुख म्हणजे हिप्परगा तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की पाणी आदिला नाल्याने शहरात शिरते. नाल्याची रुंदी जागोजागी कमी झालेली आहे, आणि कचऱ्याने मोऱ्यांची तोंडे बुजली की तासाभराच्या सरीनेही सखल वस्त्यांत गुडघाभर पाणी होते. काळी माती सुरुवातीला भेगांमधून पाणी पिते. एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पुढचा सगळा पाऊस वाहूनच जातो. म्हणून जूनमधल्या ८० मिलिमीटरपेक्षा सप्टेंबरातले ८० मिलिमीटर कितीतरी जास्त नुकसान करतात.

इशारे वाचताना

हवामान खात्याच्या मोजणीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, आणि त्यापुढचा अत्यंत जोरदार. महसूल खाते मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला की अतिवृष्टी मानते. दिवस सकाळी साडेआठला पालटतो. त्यामुळे रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेत दिसतो, आणि पंचनाम्यात तारीख सांगताना लोक इथेच गोंधळतात.

मोबाइलवर ‘सचेत’ हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अॅप आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ घेऊन ठेवावे. केंद्रीय जल आयोग सीनेची पातळी वडकबाळला आणि भीमेची टाकळीला मोजतो. पण सर्वांत उपयोगी मापक गावातच असतो : मंदिराची पायरी, पुलाचा खांब, जुन्या पुराची खूण. काठाला एक मेख ठोकून दर अर्ध्या तासाने पाणी किती चढले ते पाहावे. पाऊस थांबल्यावरही पाणी चढतच असेल तर ते वरून येत आहे. अंधार पडण्याची वाट न पाहता निघावे.

पावसाळ्याआधी

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारे पावसाळ्यापूर्वी काढलीच पाहिजेत. आणखी चार दिवस पाणी अडवावे, या लोभाने ती राहतात; मग पूर बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडतो आणि शेजारची शेते मातीसकट नेतो. दारे निघाली की नाही, हे ग्रामपंचायतीने मे महिन्यातच पाटबंधारे शाखेला लेखी विचारावे. शहरात नालेसफाईबाबत महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार देताना नाल्याचा नेमका पट्टा आणि मोरीचे ठिकाण लिहावे. ‘आमच्या भागात घाण आहे’ एवढ्यावर कुणी येत नाही.

माळवदाची, दगड-मातीची घरे पुरात जितकी पडतात त्याहून जास्त पाणी ओसरल्यानंतर पडतात. भिंत भिजलेली असेपर्यंत बाहेरचे पाणी तिला धरून असते. पाणी उतरले, ऊन पडले की ओल आतून सुटते आणि भिंत बसते. म्हणून जूनआधी माळवदावरची माती दाबून घ्यावी, पन्हाळी मोकळ्या कराव्यात आणि भिंतीच्या तळाशी पाणी साठू देऊ नये. पावसात फुगलेली, बाहेर झुकलेली भिंत दिसली की तिच्याकडे पाय करूनसुद्धा झोपू नये. पंढरपुरात १४ ऑक्टोबर २०२० रोजी कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचे प्राण गेले, तेही संततधार पावसातच.

घरात एक पिशवी तयार असावी : आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक, सातबारा, घराचा नमुना ८, विमा पावती यांच्या प्रती जाड प्लास्टिकमध्ये, माणशी रोज तीन लिटर हिशेबाने तीन दिवसांचे पाणी, चुरमुरे, शेंगदाणे, भाकरी-शेंगाचटणी असे न शिजवता चालणारे अन्न, चालू औषधे, टॉर्च, शिट्टी, चार्ज केलेली पॉवर बँक. कागदपत्रांचे फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही असावेत. यंत्रमागवाल्यांनी सुताच्या गोण्या आणि भरलेले बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेले रूळ) फरशीवर न ठेवता दीड-दोन फूट उंच फळीवर ठेवावेत. मागाची मोटार भिजली तर दुरुस्त होते, भिजलेले सूत मात्र वाया जाते.

जनावरांना घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी. कडब्याची गंज उंचवट्यावर लावावी. पाणी येणार असे दिसले की दावी सोडावीत, वेळ नसेल तर कापावीत. बांधलेले जनावर पाच फूट पाण्यात मरते, सुटलेले बऱ्याचदा पोहून काठ गाठते.

मोटार आणि माणूस

नदीकाठच्या पुरात जिवाशी जाण्याचे एक कारण दरवेळी तेच असते : नदीवरच्या पंपाची मोटार काढायला गेलेला माणूस. मोटार, स्टार्टर पेटी, केबल असा पन्नास-साठ हजारांचा ऐवज डोळ्यांदेखत बुडताना पाहवत नाही, हे खरे आहे. पण चिखलात पाय रुतलेला असताना पाणी फूटभर चढले तरी परत फिरता येत नाही, आणि वरच्या डीपीवरून (वीज वाटपाच्या पेटीवरून) वीज चालू असेल तर भिजलेली केबलच घात करते. विसर्गाचा इशारा आल्या दिवशीच, उजेडात, दोघांनी मिळून, आधी डीपीवरचा फ्यूज काढून मोटार वर घ्यावी. पाणी पायथ्याला लागल्यावर जाऊ नये. बुडालेली मोटार पूर उतरल्यावर लगेच सुरू करू नये. ती उघडून वाळवून, मेगरने (वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून मगच जोडावी.

वाहणाऱ्या फरशी पुलावर घोट्याच्या थोडे वर पाणी असले तरी पाय सरकतो, आणि दोन फुटांत चारचाकी तरंगू लागते. पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली, हे वरून कुणालाच कळत नाही.

खबर कशी द्यावी

जिवाला धोका असेल तर ११२. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. मोबाइलवरून थेट लागला नाही तर आधी ०२१७ लावावे. राज्य नियंत्रण कक्ष १०७०, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, तुटलेल्या तारांसाठी महावितरण १९१२, जनावरांसाठी १९६२. गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), पोलीस पाटील आणि सरपंच यांपैकी किमान दोघांना कळवावे, कारण एक फोन बंद असतोच.

खबर कितीही कळकळीने दिली तरी पत्ता अर्धवट असेल तर बोट पोचत नाही. सोलापूरचा शेतकरी गावठाणात कमी, शेतातल्या वस्तीवर जास्त राहतो. एकाच गावात ‘पाटील वस्ती’ तीन असतात. म्हणून गाव, तालुका, गट क्रमांक, वस्ती नदीच्या कुठल्या अंगाला, किती माणसे, त्यांत लहान मुले, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेले कुणी, पाणी गुडघ्याला की छातीला, चढते की उतरते, आणि कोणत्या बाजूने ऊस किंवा तारेचे कुंपण नाही, हे सलग सांगावे. मोबाइलचे लोकेशन पाठवता आले तर उत्तम. सगळ्यांनी एकाच वेळी फोन लावू नयेत. एकाने बोलावे, बाकीच्यांनी आपापल्या फोनची बॅटरी राखावी. ऐकीव खबर पुढे ढकलण्याने फार नुकसान होते. ‘धरण फुटले’ अशी अफवा पसरली की लोक रात्री बाहेर पडून थेट ओढ्याच्या पाण्यात अडकतात.

पंढरपुरात व्यासनारायण व अंबाबाई पटांगण या सखल वस्त्यांतल्या कुटुंबांना प्रशासन आधीच हलवते. हलवायला आले की निघावे. निवारा शाळेत असतो. घराला कुलूप, गॅस बंद, मेन स्विच खाली, आणि पिशवी हातात.

पाणी ओसरल्यावर

बुडालेल्या विहिरीचे वा हातपंपाचे पाणी पिऊ नये. विहीर आधी उपसून मग शुद्ध करावी. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर पुरते, पुरानंतर पाच ग्रॅम घ्यावी. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते सुमारे ६३ हजार लिटर होते, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास पावडर. ती बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे. तासाभरानंतर जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्यावी; शिल्लक क्लोरीन लिटरला अर्धा मिलिग्रॅम दिसायला हवे. पावडरची पिशवी उघडी पडून राहिलेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो, आणि मोजून टाकूनही चाचणी नापास होते. तोवर पाणी उकळून प्यावे.

घरात शिरताना काठी आपटत जावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे कोरड्या कोपऱ्याला, गोधड्यांत, चुलीमागे बसलेले असतात. दंश झाला तर जखम न कापता, न बांधता, तो अवयव न हलवता सरकारी दवाखाना गाठावा. पायाला जखम असून पुराच्या पाण्यात वावर झाला असेल आणि ताप आला, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाची) तपासणी होते.

पंचनामा आणि मदत

साफसफाईची घाई होते आणि पुरावा जातो. आधी फोटो घ्यावेत : भिंतीवरची पाण्याची रेघ, घराच्या चारही बाजू, आतली भांडी-कपडे, शेतातला गाळ मोजपट्टी उभी करून. पंचनामा ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी मिळून करतात. मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन पशुधन विकास अधिकाऱ्याकडून होईपर्यंत ते पुरू नये, नाहीतर दावा अडतो.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या राज्य आपत्ती निधीच्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि ३३ टक्के वा अधिक नुकसान झाले तरच, असे दर होते. तीन इंचांवर गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,०००, जमीनच खरवडून गेली तर ४७,०००. सपाट भागातले घर पूर्ण पडले तर १,२०,०००. पक्के घर अंशतः पडले तर ६,५००, कच्चे ४,०००, आणि पडझड किमान १५ टक्के असावी लागते. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, शेळी-मेंढीला ४,०००, मृत व्यक्तीच्या वारसांना चार लाख. शासन वेळोवेळी यात वाढ जाहीर करते, म्हणून ताजा शासन निर्णय पाहूनच हिशेब करावा. ही रक्कम नुकसानीची भरपाई नव्हे, ते तातडीचे साहाय्य आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

पीकविमा वेगळा. पूर्वी ७२ तासांत कंपनीला सूचना देऊन वैयक्तिक दावा करता येई. २०२५ च्या खरिपात राज्याने ही तरतूद वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठेवली. हंगामाचे नियम काय आहेत, हे १४४४७ वर विचारून घ्यावे.

पंचनामा झाला तरी पैसे अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. यादीत नाव आल्यावर मिळणाऱ्या विशिष्ट क्रमांकाने सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते. कष्टकरी आणि वृद्धांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा ओटीपीचा पर्याय मागावा. बँक खाते आधारशी जोडलेले नसते किंवा वापराविना बंद पडलेले असते. जमिनीच्या सामाईक खात्यात इतर हिस्सेदारांची संमती लागते. पेरा एक आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदणीत) नोंद दुसरी, हेही सर्रास होते. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली की स्वतः जाऊन वाचावी, आणि नाव सुटले असेल तर फोटो जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगून भागत नाही. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊनच कार्यालयातून निघावे.