हजार लिटर पाणी, एक युनिट वीज

आमच्या शेजारच्या काकांनी गच्चीवर सोलर बसवलंय. परवा भर दुपारी लाईट गेली, तर त्यांचाही पंखा बंद! "डोक्यावर एवढं ऊन आहे की!" काका वैतागले. बॅटरी नसलेल्या सोलरचा इन्व्हर्टर लाईन गेली की आपणहून थांबतो, नाहीतर गच्चीवरची वीज तारांत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. काकांना वाटायचं, दिवसाची जास्तीची वीज कंपनीकडे जमा होते. जमा होतात ते बिलातले आकडे. तारांत वीज साठत नाही. लागेल तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर विजेची 50 हर्ट्झची वारंवारता, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांचा ठेका, ढळते.

मग साठवण हवीच का? सोलर थोडं असेल तर नाही. कोयनेचे संच कमीजास्त करून फरक भरून निघतो. पावसाळ्यात सोलर मंदावतं तेव्हा साताऱ्याकडच्या पवनचक्क्या जोरात असतात. पण सोलरचा वाटा वाढला की दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी सातला, घरोघरी दिवे लागताना, तिचा पत्ता नसतो. तिथे साठवणीला पर्याय नाही.

साठवण म्हटलं की लोकांना लिथियम बॅटरी आठवते, मला घाटघरचा जलविद्युत प्रकल्प. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा, मधे सुमारे 400 मीटरचा उतार. 125 मेगावॉटचे दोन संच. पाणी खाली येताना टर्बाइन. जास्तीच्या विजेवर तेच चाक उलटं फिरवलं की पंप, पाणी परत वर. हिशेब शाळेतलाच: वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. 1000 × 9.8 × 400, म्हणजे 39 लाख ज्यूल. एक युनिट 36 लाखांचं. घट वजा जाता हजार लिटरला साधारण एक युनिट! आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी 10 मीटरवरून रिकामी केली, तर जेमतेम 98 हजार ज्यूल: नऊ वॉटचा बल्ब तीन तास, तोही काहीच वाया गेलं नाही असं धरून. म्हणून कडा लागतो, आणि सह्याद्रीत कड्यांना तोटा नाही.

पाणी परत वर चढवायला मात्र सव्वा युनिटहून जास्तच लागतं. 'पडत्या पाण्यावर जनित्र, त्याच विजेवर पंप, जन्मभर फुकट वीज' असले व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनी हा आकडा बघावा. दुपारची वीज एरवी वायाच जाणार असेल, तर मात्र एवढी घट परवडते.

घाटघर संध्याकाळचे काही तास निभावून नेतं, आठवडाभराचं ढगाळ आभाळ नाही. पण आपल्याकडे असा आठवडा बहुधा पावसाळ्यातच येतो, आणि तेव्हा कोयना भरत असते.